बाभळीचं नाव कुणी बदललं?

माळरानावरची बाभूळ जुन्या पुस्तकांत ‘अकेशिया निलोटिका’ आहे, नव्यांत ‘वॅकेलिया निलोटिका’. खैरही अकेशियातून निघून ‘सेनेगालिया’त गेला.

झालं असं, की अकेशिया या प्रजातीतल्या सगळ्या जाती एका कुळीच्या नाहीत, हे संशोधनातून स्पष्ट झालं. प्रजाती फोडणं भाग होतं. मग मूळ नाव कुणाकडे राहणार? नियमाप्रमाणे ते नमुना-जातीसोबत, म्हणजे ज्या जातीवर प्रजातीचं नाव बेतलेलं असतं तिच्यासोबत राहतं, आणि अकेशियाची नमुना-जात होती आपली बाभूळच! पण ऑस्ट्रेलियात सुमारे हजार जाती. त्या सगळ्यांची नावं बदलावी लागली असती. म्हणून नमुना-जातच बदलावी, असा प्रस्ताव 2003 मध्ये ‘टॅक्सॉन’ नियतकालिकात आला. ते काढते 1950 मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय वनस्पती वर्गीकरण संघटना. वनस्पतींच्या नामकरणाची नियमावलीही तीच प्रसिद्ध करते.

2005 मध्ये व्हिएन्नात, नामकरणाचे नियम ठरवणाऱ्या जागतिक बैठकीत, या प्रस्तावावर मतदान झालं. निम्म्याहून अधिक मतं बदलाच्या विरोधात पडली, तरी बदलाच्या बाजूची समितीची शिफारस फेटाळायला 60 टक्के लागत होती. नाव ऑस्ट्रेलियाला गेलं. आफ्रिकेतल्या बाभळींचं नाव गेल्यानं तिथले अभ्यासक दुखावले; मला त्यांचा राग रास्त वाटतो. 2011 मध्ये मेलबर्नला तोच निर्णय कायम राहिला.

2024 च्या माद्रिद बैठकीत मात्र आफ्रिकेला न्याय मिळाला. ‘काफ्रा’ हा कृष्णवर्णीयांसाठीच्या शिवीशी जोडलेला शब्द दोनशेहून अधिक नावांतून काढून ‘आफ्रा’ करायचं ठरलं.