कमाई हंगामी, खर्च बारमाही: मग काटकसर करायची कुठे?

"बाहेरचा चहा सोडा", "पगारातले 20 टक्के बाजूला टाका"... बचतीचे असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. पण ज्या घरात एक तारखेला पगार येतच नाही, त्यांनी काय करायचं?

लासूर स्टेशनचं उदाहरण घेऊ. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गंगापूर तालुक्यातलं हे रेल्वे स्टेशनचं गाव कांदा आणि कापसाची बाजारपेठ आहे. या भागात शेतकऱ्याच्या हाती मोठी रक्कम साधारण दोनदा येते. कापसाची दिवाळीच्या पुढेमागे आणि उन्हाळ कांद्याची मार्च ते मे दरम्यान. नेमकी त्याच वेळी लग्नसराई असते. आणि जून उजाडला की बियाणं, खतं, शाळेचा खर्च एकदम समोर उभा राहतो.

म्हणून इथे काटकसर रोजच्या चहावर ठरत नाही. पट्टीचे पैसे हातात आल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ती ठरते.

चहा की व्याज?

10 रुपयांचा चहा दिवसातून दोनदा, म्हणजे वर्षाला 7,300 रुपये. आता समजा, लग्नासाठी 2 लाख रुपये 3 रुपये शेकड्याने घेतले. महिन्याचं व्याज 6,000 आणि वर्षाचं 72,000 रुपये. मुद्दल तसंच! वर्षभर चहा सोडूनही या व्याजाचा दहावा भागच निघतो.

दुसरीकडे, डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की ही सवलत जाते. म्हणजे कर्ज वेळेवर फेडणं हीसुद्धा काटकसरच आहे.

साधं लग्न नवं नाही

महात्मा फुले यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी भटजी आणि खर्चिक विधी टाळून पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. पुढे गाडगेबाबा कीर्तनातून हेच सांगत फिरले: कर्ज काढून लग्न आणि जेवणावळी करू नका, मुलांना शिकवा.

आजही विशेष विवाह कायदा, 1954 नुसार 30 दिवसांची नोटीस देऊन, तीन साक्षीदारांसमोर नोंदणी पद्धतीने लग्न करता येतं. नातेवाइकांना जेवण द्यायचंच असेल तर नंतर घरच्या अंगणात देता येतं.

मग नेमकं करायचं काय?

1. आधी वाटे, मग खरेदी. पैसे आले की त्याच आठवड्यात चार वाटे करा: पीक कर्ज, जूनची पेरणी, पुढचं पीक येईपर्यंतचा घरखर्च आणि दवाखान्यासाठी थोडी रक्कम. पेरणीचा वाटा दोन-चार महिन्यांच्या मुदत ठेवीत टाकला तर सहज हात लागत नाही.

2. लग्नाचा आकडा आधी ठरवा. हॉल, डीजे, प्री-वेडिंग शूट ठरवून मग पैसे शोधू नका. घरात आहेत तेवढ्यात काय बसतं, ते बघा.

3. हप्त्यापासून सावध. मोबाईल किंवा गाडीचा हप्ता दर महिन्याला जातो, तुमची कमाई मात्र दर महिन्याला येत नाही. हप्ता चुकला की दंड लागतो आणि सिबिल स्कोअर घसरतो. पुढे बँकेचं कर्ज मिळणं अवघड होतं आणि पाय पुन्हा सावकाराकडे वळतात.

4. सावकाराचा परवाना विचारा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात करता येते.

काय कापू नये?

काटकसर म्हणजे चिंगूसपणा नाही. चांगलं बियाणं, औषधोपचार, मुलांचं शिक्षण यांत हात आखडला तर पुढे जास्त महाग पडतं. कापायचं ते फक्त "लोक काय म्हणतील" या भीतीपोटी होणारं.

लोक एक दिवस जेवतात, फोटोला लाईक देतात आणि विसरून जातात. व्याज मात्र दर महिन्याला आठवण करून देतं. यंदा घरात कार्य असेल तर हा हिशेब आधी घरच्यांसोबत बसून मांडा.