घरातलं माणूस गेल्यावर मृत्यूचा दाखला कसा काढावा?



आजच्या पत्रकात बी-बियाण्याची किंवा खता-औषधाची गोष्ट नाही. पण ज्या गोष्टीवाचून जमीन नावावर होत नाही, विम्याचा पैसा मिळत नाही आणि बँकेतली शिल्लक हाती येत नाही, अशा एका कागदाची ही माहिती आहे. तो कागद म्हणजे मृत्यूचा दाखला.

घरात दुःख झालं की कागदाचं कुणाला सुचत नाही. “माणूसच गेलं, आता कागद घेऊन काय करायचं?” असं आपण म्हणतो. वर्ष निघून जातं. मग सोसायटीचं कर्ज काढायची वेळ येते, सातबारा काढला तर त्यावर वडिलांचंच नाव. तलाठी म्हणतो, “दाखला आणा.” ग्रामपंचायतीत जावं तर नोंदच नाही. तिथून जे हेलपाटे सुरू होतात, ते वेळेवर केलेल्या अर्ध्या दिवसाच्या कामानं टळले असते.

कायदा काय सांगतो?

जन्म आणि मृत्यूची नोंद करणं १९६९ च्या केंद्रीय कायद्यानं सक्तीचं आहे. २०२३ साली त्यात दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. मृत्यू झाल्यापासून २१ दिवसांच्या आत खबर दिली तर नोंद मोफत होते आणि दाखल्याची पहिली प्रतही मोफत मिळते. नोंद झाल्यावर ७ दिवसांच्या आत दाखला द्यावा, असं दुरुस्त कायदा म्हणतो.

ही मुदत लक्षात ठेवायला सोपी आहे. तेरावा झाला की पुढे आठ दिवस उरतात. म्हणून तेराव्याचे पाहुणे मार्गी लागले की दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीत जावं. त्याच्या आधी गेलात तर आणखी चांगलं.

खबर कुठं द्यायची?

इथंच पुष्कळांची चूक होते. मृत्यूची नोंद माणूस ज्या गावचा राहणारा असेल तिथं होत नाही. मरण जिथं आलं, तिथं नोंद होते.

१) घरी किंवा शेतात मरण आलं तर त्या गावच्या ग्रामपंचायतीत. तिथले ग्रामसेवक हेच निबंधक असतात. २०२४ पासून या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हटलं जातं.

२) दवाखान्यात मरण आलं तर खबर देण्याची जबाबदारी दवाखान्याची आहे. बीडच्या जिल्हा रुग्णालयात, अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत माणूस गेलं, तर दाखला त्या ठिकाणच्या निबंधकाकडून मिळतो. आपल्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून उपयोग नाही. मयत ताब्यात घेतानाच विचारून ठेवा, “दाखला कुठून आणि कधी मिळेल?” आणि दवाखान्याच्या कागदावर नाव बरोबर लिहिलंय का, ते तिथंच वाचून घ्या.

३) दवाखान्यात नेताना वाटेत, चालत्या गाडीत मरण आलं तर गाडी जिथं पहिल्यांदा थांबली तिथल्या निबंधकाकडे नोंद होते.

ऊसतोडीला गेलेल्यांसाठी

आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयते बाहेर पडतात, ते पार पट्टा पडेपर्यंत परततात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सोलापूर, पुणे, अहिल्यानगरकडे, तर कुणी कर्नाटकात. फडात साप चावतो, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर उलटतो, छातीत कळ येते. मयत टेम्पोत घालून रातोरात गावी आणतात, माती होते आणि नोंद मात्र दोन्हीकडे राहून जाते. गावचे ग्रामसेवक म्हणतात, “मरण इथं झालं नाही.” तिकडचे म्हणतात, “तुम्ही इथले नाही.” मधल्या मधे अडकते ती मागे राहिलेली बाई.

म्हणून टोळीतल्या माणसांनी एवढं करावं. मयत हलवण्याआधी, नाही जमलं तर पुढच्या दोन-चार दिवसांत, टोळीतल्या एका जाणत्या माणसानं त्या गावच्या निबंधकाकडे खबर द्यावी. मुकादमाला सोबत घ्यावं. कोपी ज्या गावच्या शिवारात होती त्या गावाचं नाव, तालुका आणि जिल्हा कागदावर लिहून आणावा. कायदा साऱ्या देशाला एकच आहे. कर्नाटकात मरण आलं तरी नोंद होते, फक्त निबंधकाचा हुद्दा वेगळा असू शकतो. दाखल्यावर कानडीबरोबर इंग्रजी मजकूर आहे ना, ते पाहून घ्या.

सोबत काय न्यायचं?

घरातल्या कर्त्या माणसानं किंवा जवळच्या नातेवाइकानं खबर द्यायची असते. बायकोनं, लेकीनं दिलेली खबरही तितकीच चालते. “बाईमाणसाचं काम नाही” असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मृत्यूच्या खबरीचा छापील फॉर्म असतो, त्याला नमुना २ म्हणतात. सोबत ठेवा:

• मयताचं आधार कार्ड
• खबर देणाऱ्याचं आधार कार्ड
• मृत्यूची तारीख आणि जागा
• डॉक्टरांनी पाहिलं असेल तर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी हे प्रमाणपत्र फी न घेता द्यायचं असतं आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळते.

नावाची फार काळजी घ्या. सातबाऱ्यावर ‘रामा’, आधारवर ‘रामभाऊ’ आणि पासबुकात ‘रामचंद्र’ असलं की पुढं प्रत्येक कचेरीत अडतं. फॉर्म भरताना आधारवरचं पूर्ण नाव काना-मात्रेसह लिहा. दाखला हातात आला की तिथंच उभं राहून कुणाकडून तरी वाचून घ्या. चूक राहिली असेल तर कायद्याच्या कलम १५ प्रमाणं निबंधकाला दुरुस्ती करता येते, पण त्यासाठी पुरावा द्यावा लागतो.

अपघाती मरण असेल तर

साप चावणं, विजेचा धक्का, विहिरीत पडणं, अंगावर वीज पडणं किंवा गाडीचा अपघात असेल तर आधी पोलीस पाटलाला आणि पोलीस ठाण्याला कळवा. पंचनामा आणि पोस्टमार्टेम झाल्याशिवाय अंत्यविधी करू नका. ऐकायला कठोर वाटतं, पण यामागं कारण आहे. मृत्यूच्या दाखल्यावर मरणाचं कारण छापलेलं नसतं. कायद्यानंच तसं ठरवलं आहे. त्यामुळे अपघात सिद्ध करायला पंचनामा आणि पोस्टमार्टेमचा अहवाल हेच कागद लागतात. ते नसतील तर नुसत्या दाखल्यावर अपघाताची मदत मिळत नाही.

मुदत टळली तर?

घाबरू नका, मात्र आणखी उशीर करू नका.

• २१ दिवसांनंतर पण ३० दिवसांच्या आत: विलंब शुल्क भरून निबंधकच नोंद करतात.
• ३० दिवसांनंतर पण वर्षाच्या आत: विलंब शुल्क आणि जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी लागते. अर्ज ग्रामपंचायतीतूनच सुरू करावा.
• एक वर्षानंतर: पूर्वी यासाठी कोर्टात जावं लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी खरं-खोटं तपासून आदेश देतात. त्या आदेशावरून निबंधक नोंद घेतात.

वर्षापुढच्या कामाला आधी ग्रामपंचायतीकडून ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला घ्यावा लागतो. पुढं पुरावे आणि चौकशी आली. २०२५ पासून आपल्या राज्यात उशिराच्या नोंदींची तपासणी बरीच कडक झाली आहे. म्हणून दवाखान्याचे कागद, पोलिसांचे कागद, जे असेल ते जपून ठेवा. खोटी तारीख, खोटा साक्षीदार असल्या वाटेला जाऊ नका. नोंद तर रद्द होतेच, वर गुन्हा दाखल होतो.

अर्जाचा नमुना

नोंद झालेली आहे, पण दाखल्याची जादा प्रत हवी आहे, तर साध्या कागदावर असं लिहावं:

प्रति,
निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी,
ग्रामपंचायत (गाव), ता. (तालुका), जि. बीड.

विषय: मृत्यूचा दाखला मिळण्याबाबत.

महोदय,
माझे (नाते) श्री./श्रीमती (मयताचे पूर्ण नाव) यांचे दिनांक (तारीख) रोजी (ठिकाण) येथे निधन झाले आहे. त्याची नोंद आपल्या दप्तरी आहे. वारस नोंदीच्या व विम्याच्या कामासाठी दाखल्याच्या (संख्या) प्रती मिळाव्यात, ही विनंती. नियमाप्रमाणे शुल्क भरण्यास मी तयार आहे.

(अर्जदाराचे नाव, सही किंवा अंगठा, तारीख)

अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि तिच्यावर पोच घ्या. पोच म्हणजे तारीख आणि सही. दिलेल्या पैशाची पावती मागा. दाखला हा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतो. मुदतीत मिळाला नाही तर त्याच पोचेच्या आधारावर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. निबंधकानं नोंदच नाकारली तर ३० दिवसांच्या आत जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते. पोच नसेल तर दोन्हीकडे बोलायला जागा उरत नाही.

दाखला मिळाल्यावर काय करायचं?

पाच-सहा प्रती काढून ठेवा. मूळ दाखला कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. मग ही कामं ओळीनं करा:

१) वारस नोंद. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारसाची माहिती द्यावी. ती वारस नोंदवहीत जाते, फेरफार होतो, नोटिशीची मुदत संपली की मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मयताची बायको, मुलगे, मुली आणि मयताची आई हयात असेल तर आई, हे सारे वारस आहेत. लेकींची नावं गाळू नका. गाळलेलं नाव पुढं तंटा उभा करतं. मयत खातेदारांची नावं काढून वारसांची नावं लावायला सरकारनं २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली, ती याच राहून गेलेल्या नोंदींसाठी होती.

२) बँकेचा विमा. पासबुक उघडून पाहा. वर्षाला ४३६ रुपये किंवा २० रुपये कापलेले दिसले तर मयताचा पंतप्रधान जीवन ज्योती किंवा सुरक्षा विमा असू शकतो. पहिला कोणत्याही मरणाला २ लाखांचा, तर दुसरा अपघाती मरणाला २ लाखांचा. ३० दिवसांच्या आत बँकेत दावा द्यावा.

३) शेतकरी अपघात अनुदान. गोपीनाथ मुंडे योजनेत १० ते ७५ वर्षांचा खातेदार शेतकरी किंवा त्याच्या घरातला एक सदस्य अपघातानं गेला तर २ लाख रुपये सानुग्रह अनुदान आहे. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावा. आत्महत्या यात बसत नाही. तिची फाईल तहसीलमार्फत जिल्हा समितीपुढं जाते आणि पात्र ठरलं तर १ लाखाची मदत मिळते.

४) घरच्या बाईसाठी. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वर्षांचा कर्ता गेला तर कुटुंब लाभ योजनेतून २० हजार रुपये मिळतात. निराधार विधवेला संजय गांधी योजनेचं मासिक अनुदान आहे. दोन्ही अर्ज तहसील कचेरीत.

५) मयताच्या खात्यावर पी.एम. किसानचे हप्ते येत असतील तर मृत्यू झाल्याचं कळवा. ते उचलत राहिलात तर वसुली निघते.

थोडक्यात

• २१ दिवसांच्या आत खबर.
• मरण जिथं, नोंद तिथं.
• अपघात असेल तर आधी पोलीस, पंचनामा आणि पोस्टमार्टेम.
• नाव आधारप्रमाणं, काना-मात्रेसह.
• अर्जाची पोच आणि पैशाची पावती हवीच.

बंधू-भगिनींनो, गेलेलं माणूस कागदानं परत येत नाही. पण मागं राहिलेल्या बाईला आणि लेकरांना त्यांचं हक्काचं मिळायला हाच कागद लागतो. ज्या घरावर दुःख आलं असेल त्या घराला दहाव्याला भेटायला जाताना हे पत्रक सोबत न्या आणि शांतपणे वाचून दाखवा. जमलं तर त्यांच्यासोबत ग्रामपंचायतीत जा. दुःखातल्या माणसाला त्या वेळी सोबतीचा मोठा आधार असतो.

पत्रक जपून ठेवा, शेजाऱ्यालाही द्या. राम राम!