एका मतानें वांचलेली वेस

उत्तर जर्मनींतील ल्यूबेक हें ट्राव्ह नदीकांठचें जुनें व्यापारी शहर. त्याची पश्चिमेकडील वेस, होल्स्टनटोर, १४६४ ते १४७८ या काळांत हिन्रिख हेल्मश्टेडे यानें बांधिली. दोन वाटोळे बुरूज, त्यांवर निमुळतीं छपरें व मधोमध कमानीखालून रस्ता, अशी तिची रचना असून सारें बांधकाम भाजलेल्या विटांचें आहे.

तिचीं दोन अंगें अगदीं भिन्न आहेत. बाहेरची भिंत सुमारें ३.५ मीटर जाड असून तींत तोफांसाठीं झरोके ठेविले आहेत. शहराकडील भिंत १ मीटरहि जाड नाहीं आणि तिच्यावर खिडक्यांच्या रांगा आहेत. परक्यास धाक आणि स्वकीयांस वैभव दाखवावें, हाच त्यांतील हेतु.

परंतु या वेशीचा खरा वैरी तिच्या पायाखालींच होता. दलदलीच्या जमिनीस एवढा भार सोसेना. बुरूज खचले व कलले. पुढें तटबंदीचें प्रयोजन सरलें आणि ती पाडावी, असें पुष्कळांस वाटूं लागलें. १८६३ सालीं हा प्रश्न नागरिकांच्या प्रतिनिधिसभेपुढें आला, तेव्हां केवळ एका मताच्या आधिक्यानें ती वांचली. १८७१ पर्यंत तिचा जीर्णोद्धार झाला. १९३३-३४ मध्यें बुरुजांस पुन्हा बळकटी देण्यांत आली. आज तेथें शहराच्या इतिहासाचें संग्रहालय आहे.

ज्या वेशीनें शहर राखावयाचें, तीच अखेर शहरास राखावी लागली.