जिवंत त्वचेची साठवण

कृत्रिम रेतनासाठी गावात येणाऱ्या कर्मचाऱ्याजवळील धातूचे जाड भांडे शेतकरी बांधवांच्या परिचयाचे आहे. झाकण उघडताच त्यातून पांढरे धुके बाहेर पडते. आतील द्रव नायट्रोजनचे तापमान शून्याखाली १९६ अंश सेल्सिअस असते व त्यात ठेवलेले वळूचे रेत कित्येक वर्षे टिकते. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेचा हे तंत्र खेड्यापाड्यांत पोहोचविण्यात मोठा वाटा आहे. याच तत्त्वावर प्रयोगशाळेत वाढविलेली मानवी त्वचा साठविता येईल काय, हा प्रश्न भाजलेल्या रुग्णांच्या दृष्टीने जीवनमरणाचा आहे.

गरज कशासाठी?

त्वचा जळाली की शरीरातील द्रव पाझरू लागतो आणि जंतूंना वाट मोकळी होते. भाजलेला भाग थोडा असल्यास रुग्णाचीच निरोगी त्वचा काढून तेथे बसविता येते. शरीराचा मोठा भाग भाजल्यास ती पुरत नाही. रुग्णाच्या थोड्याशा पेशींपासून त्वचेचे पापुद्रे वाढविण्याची पद्धत अमेरिकेत १९७५ मध्ये विकसित झाली. मात्र पापुद्रे तयार होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. तेवढा अवधी अनेक रुग्णांपाशी नसतो. म्हणूनच त्वचा आधी तयार करून साठविणे आवश्यक ठरते.

अडचण कोठे आहे?

पेशीत पाणी असते. ते गोठून बर्फाचे स्फटिक झाले म्हणजे पेशी फाटते. ग्लिसरॉलसारख्या द्रव्याने हे नुकसान टळते, असे १९४९ मध्ये इंग्लंडमधील शास्त्रज्ञांना आढळले. असे द्रव्य मिसळून, मिनिटास साधारण एक अंश या संथ गतीने तापमान उतरविल्यास अनेक प्रकारच्या पेशी सुरक्षित राहतात. पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या भांडारात अशा गोठविलेल्या पेशी जतन केल्या जातात व संशोधकांना पुरविल्या जातात.

ऊतीची गोष्ट वेगळी आहे. ऊती म्हणजे एकमेकींना धरून असलेल्या पेशींचा समूह. तिची जाडी अधिक असल्यास रक्षक द्रव्य आतवर पोहोचण्यापूर्वीच बाहेरील पेशींना त्याची बाधा होऊ लागते. पृष्ठभाग आधी थंड होतो, गाभा मागाहून; त्या ताणाने तडे जातात. पुन्हा ऊब देतानाही हाच धोका असतो. तरीही प्रगती होत आहे. जिवंत पेशींपासून तयार करून गोठविलेल्या ‘स्ट्रॅटाग्राफ्ट’ या त्वचेस अमेरिकेत जून २०२१ मध्ये मान्यता मिळाली. १०० दिवसांपर्यंत अतिशीत अवस्थेत ठेवलेली उंदराची मूत्रपिंडे पुनःरोपणानंतर कार्य करू लागल्याचे मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. माणसाचे संपूर्ण इंद्रिय अशा रीतीने साठविण्याचा पल्ला मात्र अद्याप दूर आहे.

आजचा उपाय

अशी तयार त्वचा सर्वांच्या आवाक्यात येईपर्यंत रुग्णांनी कोणाकडे पाहावे? याचे उत्तर आपल्याच हाती आहे. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० सालापासून त्वचापेढी आहे. मरणोत्तर दान केलेली त्वचा तेथे ग्लिसरॉलमध्ये, सुमारे ४ अंश तापमानात ठेवतात. या पद्धतीत पेशी जिवंत राहत नाहीत. तथापि ही त्वचा जखमेवर तात्पुरते आच्छादन होऊन द्रवाचा ऱ्हास व जंतुसंसर्ग रोखते, वेदना कमी करते आणि रुग्णाची स्वतःची त्वचा बसविण्यास उसंत मिळवून देते.

त्वचादानाविषयी अनेकांच्या मनात अकारण भीती असते. मृत्यूनंतर साधारणपणे सहा तासांच्या आत, नातेवाइकांच्या संमतीने, पाय, मांड्या व पाठ येथील त्वचेचा केवळ वरचा पातळ थर काढला जातो. त्यामुळे देह विद्रूप होत नाही आणि अंत्यविधीत बाधा येत नाही. दाता व रुग्ण यांचा रक्तगट जुळण्याचीही आवश्यकता नसते.

शिक्षकांनी ही माहिती विद्यार्थ्यांना द्यावी, ग्रामसभेत तिची चर्चा व्हावी आणि प्रत्येक कुटुंबाने आपली इच्छा आप्तेष्टांना वेळीच सांगून ठेवावी. दुःखाच्या प्रसंगी सहा तास फार लवकर सरतात. निर्णय आधीच झालेला असल्यास एखाद्या भाजलेल्या बालकाचे प्राण वाचू शकतील.