सळई वर की खाली?

ऊस गुडघ्यावर ठेवून मोडा. गुडघ्याकडची बाजू चेपते, पलीकडची ताणते आणि तडा पलीकडूनच सुरू होतो. शिरूर तालुक्यातल्या भीमेकाठच्या मांडवगण फराट्यात हे कुणाला शिकवायला नको. आरसीसीचं, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचं, निम्मं शास्त्र याच तड्यात आहे.

काँक्रीट दाबाला पहिलवान, ताणाला लेचंपेचं. जेवढा दाब सोसतं त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा ताण. म्हणून जिथे ताण तिथे सळई. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब मध्ये खाली वाकतो, ताण खालच्या अंगाला, सळईही खालीच. बाहेर काढलेल्या गॅलरीचं मात्र उलटं: ती टोकाला झुकते, ताण वरच्या अंगाला, म्हणून सळई वर. आता स्लॅबच्या दिवशी काय होतं? घमेली घेऊन माणसं त्याच वरच्या जाळीवरून ये-जा करतात आणि जाळी खाली बसते. लोखंड तेवढंच, बिल तेवढंच, गॅलरी मात्र लोखंड असून नसल्यासारखी! जाळीखाली सळईच्या ‘चेअर’ लावतात त्या यासाठी.

जास्त लोखंड म्हणजे जास्त भक्कम? मुळीच नाही, आणि मला तर हीच सगळ्यांत गमतीची गोष्ट वाटते. बीममध्ये सळई बेताची असली की जादा भाराला आधी ती ताणते. बीम वाकतो, भेगा पडतात, घरातल्यांना बाहेर पडायला सवड मिळते. वाजवीपेक्षा जास्त कोंबली तर वरचं काँक्रीट आधी चिरडतं, तेही न सांगता. म्हणून डिझाइन करणारा मुद्दाम सळईला आधी हरवतो.

सिमेंटच्या पोटात लोखंड घालण्याचा शोध एका माळ्याच्या नावावर आहे! जोसेफ मोनिये या फ्रेंच माळ्याने 1867 मध्ये लोखंडी जाळीच्या सिमेंटच्या कुंड्यांचं पेटंट घेतलं. पण आतून काटक्या, वरून माती ही कुडाची जोडी आपल्याकडे कितीतरी जुनी. शिरूर तालुक्यातल्याच इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात साडेतीन हजार वर्षांपूर्वीची मातीची घरं सापडली आहेत.

लोखंड आणि काँक्रीट उन्हाने जवळपास सारखंच फुगतात. तसं नसतं तर पहिल्याच उन्हाळ्यात जोडी फुटली असती.

दहा बाय दहाच्या खोलीचा पाच इंची स्लॅब सुमारे तीन टनांचा भरतो. म्हणजे सिमेंटची साठ पोती कायमची डोक्यावर!

एवढं वजन डोक्यावर असताना ‘मिस्त्री, जरा पातळ करा’ हे वाक्य महागात पडतं. एम-20 काँक्रीटला 50 किलोच्या पोत्यामागे साधारण 27 लिटरच्या वर पाणी नको, त्यात वाळूतली ओलही धरायची. स्लॅब आळला की मात्र हात सढळ: वाफे बांधून पाणी भरायचं, कडक उन्हात साध्या सिमेंटला किमान 10 दिवस, राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला 14. काँक्रीट वाळून नव्हे, पाणी पिऊन घट्ट होतं.

शेवटी फिटरचं गुपित. सळईच्या एमएमचा वर्ग करा, 162 ने भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 12 एमएमची 12 मीटर लांब सळई साडेदहा किलोच्या थोडी वर भरायला हवी. उसाच्या काट्यावर डोळ्यांत तेल घालून उभं राहणाऱ्यांनी एखादी सळई काट्यावर चढवून बघावीच. नऊच भरली, तर पैसे देण्याआधी दुकानदाराशी बोलून घ्या.