सलाईननं गुण येतो तो कशामुळे?

सातारा-सांगलीकडच्या गावात रात्री कुणाची छाती धडधडायला लागली, श्वास कोंडला, हातापायांना मुंग्या आल्या, की घरातलं निदान ठरलेलं असतं: गॅस छातीत चढला, नाहीतर बीपी लो झालं. गाडी काढून दवाखान्यात नेतात, सलाईन लागतं आणि बाटली संपेपर्यंत माणूस उठून बसतो. सलाईननं गुण आला, असं सगळे धरून चालतात. खरं तर हा बहुतेकदा पॅनिक अटॅक, म्हणजे तीव्र भीतीचा अचानक येणारा झटका असतो. तो साधारण १० मिनिटांत टोकाला जातो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात आपोआप ओसरतो. सलाईन नसतं तरी तो ओसरलाच असता. पैसे जातात ते जातातच, पण 'दवाखाना गाठला म्हणून वाचलो' हे मनात पक्कं बसतं. मग दवाखान्यापासून लांब जायचं म्हटलं तरी पोटात गोळा येतो.

हा हार्ट अटॅक तर नसेल, ही शंका मात्र पहिल्या वेळी रास्तच आहे. मधुमेह, बीपी किंवा तंबाखू असेल, छातीवर दाब येऊन कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर घरी तर्क करत बसू नये. १०८ला फोन लावावा. ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी व्हायलाच हवी. पुढे सवडीनं थायरॉइडही बघून घ्यावं. एकदा नीट तपासणी झाली, की डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दर महिन्याला नवा ईसीजी काढणं हे आजाराला खतपाणी घालणं आहे.

'मन खंबीर कर' हा सल्ला मला फार अन्यायाचा वाटतो. झटका झोपेतून उठवूनही येतो, तिथे खंबीरपणा काय करणार? शरीर धोक्याची घंटा चुकून वाजवतं. काळजाचे ठोके वाढतात, त्या ठोक्यांचीच माणसाला भीती वाटते आणि भीतीनं ते आणखी वाढतात. श्वास भराभर चालल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या आणि चक्कर. त्यामुळे 'जोरजोरात खोल श्वास घे' असं सांगणं उलटं पडतं. श्वास सावकाश सोडायला सांगावं, शेजारी शांत बसावं. तोंडावर कागदी पिशवी धरू नये. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ती घातक ठरू शकते.

करणी, बाहेरचं म्हणून देवऋष्याकडे नेणारी घरं अजून आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जिथे अंधश्रद्धेविरुद्ध उभी हयात काम केलं, त्या साताऱ्याच्या आसपासही आहेत, याचं वाईट वाटतं.

'झोपेच्या गोळ्या आयुष्यभर लागतात' या भीतीत दोन वेगळी औषधं एक होतात. अल्प्राझोलामसारखी गोळी लगेच आराम देते आणि तिचीच सवय लागते. मूळ उपचारातली एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन ही औषधं झोपेची नव्हेत. त्यांचं व्यसन लागत नाही. गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला बेचैनी थोडी वाढूही शकते, आणि बरं वाटल्यावरही डॉक्टर ती काही महिने चालू ठेवतात. आपल्या मनानं एकदम बंद करू नयेत.

आजार खरा वाढतो तो टाळाटाळीनं. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यात एकदा झटका आला, की माणूस एसटी सोडतो, मग बाजार, मग लग्नकार्यं. त्यावर सीबीटी हा बोलण्याचा आणि सरावाचा उपचार आहे. थेरपिस्ट जागच्या जागी धावायला लावून मुद्दाम धडधड वाढवतात, म्हणजे धडधड झाली तरी काही होत नाही हे अनुभवानं कळतं. मग एसटीनं आधी जवळच्या गावापर्यंत, पुढे कुणाला सोबत घेऊन बोगद्यातून, शेवटी एकट्यानं.

साताऱ्याचं सिव्हिल, सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कुठेही जाऊन मानसोपचार विभागाची चौकशी करावी. तिथे जायचा धीर होत नसेल, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत आणि रात्री-अपरात्रीही फोन उचलला जातो.