रॉकी मार्सियानोचे दबावतंत्र

रॉकी मार्सियानो (१ सप्टेंबर १९२३ – ३१ ऑगस्ट १९६९) हा अमेरिकन मुष्टियोद्धा १९५२ ते १९५६ या काळात हेवीवेट गटाचा जगज्जेता होता. प्रतिस्पर्ध्यावर सतत चालून जाणे, त्याला मोकळी जागा व विसावा न देणे आणि अखेर थकवून नमविणे या त्याच्या पद्धतीस मुष्टियुद्धात दबावतंत्र म्हटले जाते. व्यावसायिक कारकिर्दीत तो ४९ लढती खेळला व सर्व जिंकला. त्यांपैकी ४३ लढती मुदतीपूर्वीच संपल्या. त्याच्या शैलीविषयी दोन परस्परविरोधी मते आहेत. एका मतानुसार तो केवळ बळकट, चिवट पण ओबडधोबड योद्धा होता. दुसऱ्या मतानुसार त्या ओबडधोबडपणामागे विचारपूर्वक घडविलेले तंत्र होते. दोन्ही मतांचा आधार मुख्यतः त्याच जुन्या चित्रफिती असल्याने त्या कशा पाहाव्यात, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

मार्सियानोचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉक्टन येथे झाला. त्याची उंची सुमारे ५ फूट १० इंच व लढतीच्या वेळचे वजन साधारण १८५ पौंड (सुमारे ८४ किलो) असे. त्याचा हातांचा पल्ला सुमारे ६८ इंच, म्हणजे या गटाच्या मानाने अत्यंत तोकडा होता. तुलनेसाठी, जो लुईस याचा पल्ला ७६ इंच होता. लांब हातांच्या प्रतिस्पर्ध्याशी दुरून लढणे मार्सियानोला परवडणारे नव्हते. त्याचा प्रशिक्षक चार्ली गोल्डमन याने ही उणीव झाकण्याऐवजी तिचाच उपयोग करून घेतला. मार्सियानोला त्याने अधिक वाकून, डोके खाली ठेवून पुढे सरकण्यास शिकविले. त्यामुळे मुळात लहान असलेले लक्ष्य आणखी लहान झाले आणि प्रतिस्पर्ध्याला खालच्या दिशेने ठोसे मारावे लागू लागले.

दबावतंत्राचे घटक

दबाव म्हणजे नुसते पुढे जाणे नव्हे. प्रतिस्पर्ध्याच्या मागोमाग जाणारा योद्धा त्याच्या इच्छेनुसार फिरत राहतो; वाट अडविणारा योद्धा मात्र तिरका पाय टाकून त्याला दोरांकडे किंवा कोपऱ्याकडे वळण्यास भाग पाडतो. या शैलीत पुढील बाबी एकत्र येतात: रिंगणाची जागा कमी करणारे पदलालित्य, पुढे जाताना होणारी डोक्याची हालचाल, बरगड्या व पोट यांवरील ठोसे, जवळच्या झटापटीतील काम आणि अखेरच्या फेऱ्यांपर्यंत टिकणारा दम. त्या काळी जगज्जेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची, म्हणजे प्रत्यक्ष ४५ मिनिटांच्या झुंजीची असल्याने या शेवटच्या घटकाला विशेष महत्त्व होते.

मार्सियानोच्या तंत्राचे एक वैशिष्ट्य म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या दंडांवर व कोपरांवर बसणारे ठोसे. हे ठोसे गुणांच्या दृष्टीने निरुपयोगी असले, तरी बचावासाठी वर धरलेले हात त्यांमुळे हळूहळू जड होतात. १९५३ साली रोलंड लास्टार्झाविरुद्धच्या लढतीत याचा प्रत्यय येतो. सुरुवातीच्या फेऱ्यांत चपळाईने बचाव करणारा लास्टार्झा पुढे ढासळत गेला आणि ११व्या फेरीत पंचांना लढत थांबवावी लागली.

चित्रफितींच्या मर्यादा

चित्रफितीतील गतीवर विसंबण्यापूर्वी ती कोणत्या काळातील आहे हे पाहावे लागते. मूकपटांच्या काळात कॅमेरा बहुधा हाताने फिरविला जाई. सेकंदाला १६ चौकटी या वेगाने टिपलेले दृश्य २४ चौकटींच्या वेगाने दाखविल्यास हालचाल दीडपट जलद भासते. १९१९ साली टोलेडो येथे झालेल्या जॅक डेम्प्सी–जेस विलर्ड लढतीच्या प्रतींबाबत ही दक्षता आवश्यक आहे. मार्सियानोच्या लढती ध्वनिपटाच्या काळातील असल्याने हा दोष त्यांत बराच कमी आहे. परंतु पुढे झालेल्या रूपांतरांत चौकटी गळण्याची वा दुबार होण्याची शक्यता उरतेच.

दुसरी मर्यादा कॅमेऱ्याच्या जागेची आहे. रिंगणाबाहेरून, काहीशा उंचीवरून व दूरच्या भिंगाने केलेल्या चित्रणात दोन योद्ध्यांमधील खरे अंतर कमी दिसते. त्यामुळे जेमतेम हुकलेला ठोसा बसल्यासारखा वाटतो, तर शरीराआड बसलेला ठोसा दिसतच नाही. बरगड्यांवरील जवळचे ठोसे दबावतंत्राचा कणा असतात आणि नेमके तेच अशा चित्रणात झाकले जातात.

तिसरी मर्यादा संकलनाची आहे. बाद करण्याचे तेवढेच क्षण एकत्र केलेल्या फितीत मार्सियानो एका ठोशाने लढत संपविणारा योद्धा वाटतो. पूर्ण फेऱ्या पाहिल्यास त्या ठोशापूर्वीची दीर्घ तयारी दिसते. नंतर जोडलेला जनसमुदायाचा आवाज व समालोचनही मत कलुषित करू शकतात. म्हणून एकदा आवाज बंद करून लढत पाहणे उपयुक्त ठरते.

निरीक्षणाची पद्धत

पहिल्या पाहणीत केवळ पायांकडे लक्ष द्यावे: मार्सियानो पाठलाग करतो की वाट अडवितो, हे त्यावरून कळते. दुसऱ्या पाहणीत हुकलेल्या ठोशांनंतर काय घडते ते पाहावे. त्याचे अनेक उजवे ठोसे हुकतात. परंतु हुकल्यानंतर तो बहुधा प्रतिस्पर्ध्याच्या निकट असतो आणि डाव्या हाताने पुन्हा आघात करतो. तिसऱ्या पाहणीत प्रतिस्पर्ध्याकडेच पाहावे. त्याचे हात किती खाली आले, पावले किती आखूड झाली, तो किती वेळा मिठी मारतो, यांवरून दबावाचा परिणाम मोजता येतो.

२३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फिया येथे जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध झालेली लढत या अभ्यासासाठी उत्तम आहे. पहिल्याच फेरीत वॉलकॉटच्या डाव्या हुकने मार्सियानो कारकिर्दीत प्रथमच खाली पडला. १२ फेऱ्यांअखेर तिन्ही गुणपत्रिकांवर वॉलकॉट आघाडीवर होता. १३व्या फेरीत तो दोरांपाशी आला असता दोघांनी जवळजवळ एकाच वेळी उजवा हात उगारला. मार्सियानोचा आखूड ठोसा आधी पोहोचला आणि लढत संपली. हा ठोसा नशिबाने बसला असे म्हणण्यापूर्वी वॉलकॉट दोरांपाशी कसा आला, हे पाहणे आवश्यक आहे. त्याचबरोबर, या लढतीत दबावाची किंमतही दिसते: पुढे जाताना मार्सियानोने असंख्य सरळ ठोसे खाल्ले.

प्रतिस्पर्ध्यांचे वय

चित्रफीत तंत्र दाखविते, परंतु समोरचा योद्धा कोणत्या अवस्थेत होता हे ती आपण होऊन सांगत नाही. १९५१ साली मार्सियानोकडून हरला तेव्हा जो लुईस ३७ वर्षांचा होता. १९५२ मध्ये वॉलकॉट ३८ वर्षांचा होता. अशा प्रतिस्पर्ध्यांना थकविणे तुलनेने सोपे होते, ही टीका दुर्लक्षिता येत नाही. मात्र १९५४ साली एझर्ड चार्ल्स तिशीच्या सुरुवातीस होता. जूनमध्ये तो मार्सियानोसमोर पूर्ण १५ फेऱ्या टिकला व गुणांवर हरला. सप्टेंबरमध्ये मार्सियानोच्या नाकाला खोल जखम झालेली असतानाही ८व्या फेरीत चार्ल्स बाद झाला. या दोन लढती शेजारी ठेवून पाहणे अधिक न्याय्य ठरते.

पुरावा नसलेले चित्रण

१९६९ मध्ये मार्सियानो व मुहम्मद अली यांना समोरासमोर आणून एक काल्पनिक लढत चित्रित करण्यात आली आणि संगणकाच्या आधारे तिचा निकाल ठरविण्यात आला. ती जानेवारी १९७० मध्ये चित्रपटगृहांत दाखविली गेली. तत्पूर्वीच मार्सियानोचा विमान अपघातात मृत्यू झाला होता. निवृत्त होऊन १३ वर्षे झालेल्या मार्सियानोने यासाठी वजन घटविले होते. ठरवून केलेल्या या चित्रणावरून त्याच्या तंत्राविषयी निष्कर्ष काढणे चुकीचे आहे.

मूल्यमापन

पूर्ण फेऱ्यांच्या आधारे पाहता मार्सियानोच्या ठोशांत सफाई कमी होती, बचाव अभेद्य नव्हता, हे मान्य करावे लागते. तथापि वाकलेला पवित्रा, हुकल्यानंतरची जवळीक, हातांवरील आघात व न ओसरणारा वेग यांत सुसंगती आहे. जो फ्रेझिअरप्रमाणे लयबद्ध डोलणे त्याच्यात नव्हते. तरीही आखूड हातांच्या योद्ध्याने अंतराचा प्रश्न कसा सोडविला, याचे ते स्वतंत्र उत्तर आहे. त्याने आजच्या अधिक उंच व वजनदार योद्ध्यांना हरविले असते का, या प्रश्नाचे उत्तर मात्र या फिती देऊ शकत नाहीत.